काच खाली घ्या

भाच्याने तुमच्या हातात दिलेल्या वस्तूला तो किल्ली म्हणतो, पण तिला ना दात आहेत ना पातं. काळ्या प्लॅस्टिकचा नुसता गोटा. तो खिशात ठेवायचा, ब्रेकवर पाय द्यायचा आणि डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं. ‘तुम्ही सुरू करून एसी लावून ठेवा, मी पाण्याच्या बाटल्या घेऊन आलोच,’ असं म्हणून तो घरात गेला आहे.

तुम्ही मिशिगनमधल्या ट्रॉय गावी आहात, डेट्रॉइटच्या उत्तरेला. या भागात गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी इतकी आहेत की किराणा दुकानात भाजणी मिळाली का, असं कुणी विचारलं तर मान वळवून बघावंसंही वाटत नाही. आज ऑगस्टमधला तिसरा शनिवार. म्हणजे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा. फर्नडेल गावात मुलांना सॉकरचं मैदान हवं होतं, त्यासाठी पैसे जमवायला 1995 साली कुणीतरी ही टूम काढली आणि ती हाताबाहेर गेली. भाच्याला तिथे आपली गाडी मिरवायची आहे. ती जुनी नाही, जुन्यासारखी आहे. डॉज चॅलेंजर. रंग पिकल्या जांभळाचा. कंपनी त्याला ‘प्लम क्रेझी’ म्हणते. लांबलचक बॉनेट, कपाळावर आठी घातल्यासारखे चार दिवे, मागची चाकं पोटऱ्या फुगवून बसलेली.

दाबा बटण. घाबरू नका, गिअर पार्कमध्ये आहे.

आधी कळतं ते मांड्यांना. गार लेदर होतं, तिथे आता तापलेलं काळं रेक्झिन आहे आणि तुमची कातडी त्याला चिकटली आहे. एसीचा वारा बंद झालाय. खरं तर या गाडीला एसीच नाही. दाराला हँडल आहे. फिरवा आणि काच खाली घ्या. हँडल अर्ध्यावर अडतं, जरा दाबून फिरवावं लागतं. काच उतरते आणि 1970 चा ऑगस्ट थेट तोंडावर येतो.

वास एकच नाही. वर तरंगतो तो भाजलेल्या मांसाचा आणि लसणाचा. तो समोरच्या दुकानातल्या पोलिश सॉसेजचा, त्याला इथे किलबासा म्हणतात. त्याच्या खाली ताजा रंग आणि थिनर. त्याच्याही खाली तापलेलं लोखंड आणि मशिनचं तेल. सगळ्यांत खाली, जिभेवर गोडसर चव ठेवून जाणारा, पेट्रोलचा धूर.

तुम्ही हॅमट्रॅमिकमध्ये आहात, जोसेफ कँपाउ रस्त्यावर. जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं हे छोटंसं वेगळं शहर. समोरची आठ मजली काळपट इमारत म्हणजे डॉजचा कारखाना, लोकांच्या तोंडी ‘डॉज मेन’. तुम्ही ज्या गाडीत बसला आहात ती इथेच जन्मली. धड एका मजल्यावर, रंग दुसऱ्या मजल्यावर, अशी वरखाली फिरत ती रस्त्यावर आली. ‘डॉज’ ही अक्षरं वाचून तुम्हाला कुर्ला आठवलं तर ते बरोबरच आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात 1947 पासून याच घराण्याच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. आपली फियाट नंतरची.

भोंगा होतो. पाळी सुटली. फाटकातून माणसांचा लोंढा येतो, हातात पत्र्याचे डबे, पाठीवर घामाचे नकाशे. निम्मे लोक घराकडे वळतच नाहीत, सरळ बारकडे. आज पगार आहे. बारच्या दारातून पोलिश भाषा, इंग्रजी शिव्या आणि बिअरचा आंबूस गारवा असं तिन्ही एकदम बाहेर येतं.

‘सरका.’

दार उघडून एक पोरगा उभा आहे. बावीस-तेविशीचा, नखांत वंगण, कानामागे सिगारेट. गाडी त्याची आहे. अजून चार वर्षं ती बँकेचीही राहणार आहे. तुम्ही गिअरच्या दांड्यावरून कसेबसे पलीकडे सरकता. दांड्याची मूठ पिस्तुलाच्या मुठीसारखी आहे, लाकडी दिसते पण लाकूड नाही. गुडघ्याला ती अशी लागते की हा दांडा जन्मभर लक्षात राहावा. आता अकरा वर्षांच्या आत समोरची ही इमारत जमीनदोस्त झालेली असेल. त्याला ते सांगू नका. आज पगार आहे.

किल्ली फिरते. खरी, दात असलेली. स्टार्टर दोन वेळा कण्हतो, तिसऱ्यांदा इंजिन पेट घेतं आणि सगळी गाडी उजवीकडे एक हिसका खाते. बॉनेटला मधोमध भोक पाडून त्यातून हवा ओढणारं एक काळं नाक वर आलेलं आहे. ते बॉनेटला नाही, इंजिनलाच बसवलेलं आहे. त्यामुळे इंजिन थरथरलं की नाकही थरथरतं, आणि पोराने पाय दाबला की ते एका बाजूला कलतं. याला ‘शेकर’ म्हणतात. तुमच्या डोळ्यांपुढे पोलादाच्या पत्र्यातून एक जिवंत वस्तू मान हलवते आहे. पहिली पाच मिनिटं तुम्ही रस्ता बघतच नाही.

पोराला खरं तर हेमी इंजिन हवं होतं, 425 अश्वशक्तीचं. पैसे पुरले नाहीत. म्हणून 440 सिक्स पॅक, 390 अश्वशक्तीचं. सव्वासात लिटरचं इंजिन आणि त्यावर तीन कार्ब्युरेटर ओळीने बसवलेले. हे तो तुम्हाला माफी मागितल्यासारखं सांगतो. 390 अश्वशक्ती! आपल्याकडे ज्या फियाटसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत होते, तिच्यात चाळीस-पंचेचाळीस घोडे होते, तेही चढावर दमणारे.

सूर्य कलतो. तुम्ही वुडवर्डला लागता.

डेट्रॉइट नदीपासून उत्तरेला पाँटियाक गावापर्यंत सुमारे 27 मैल सरळ गेलेला हा रस्ता. मध्ये हिरवळीचा रुंद दुभाजक, दोन्ही अंगांना चार-चार पदरी वाट. थोडं दक्षिणेला गेलात तर याच रस्त्यावर व्हर्नर्सचा कारखाना आहे. व्हर्नर्स म्हणजे डेट्रॉइटचं आल्याचं सरबत. ते पुढे प्यायचं आहेच. आत्ता उत्तरेला चला. एट माइल रोड ओलांडला की शहर संपतं, उपनगरं सुरू होतात. फुटपाथवरच्या चेहऱ्यांचा रंगही तिथेच बदलतो, सुरीने कापावा तसा. तुमच्या गव्हाळ चेहऱ्याकडे शेजारच्या गाडीतली मंडळी दोनदा बघतात आणि मग तुमच्या बॉनेटकडे तिसऱ्यांदा. बॉनेट जिंकतं.

आता कान उघडे ठेवा. चार रांगांत गाड्या आहेत आणि सगळ्या चालण्याच्या वेगाने. कुणालाच कुठे जायचं नाही. पाँटियाकच्या जीटीओ, शेव्हीच्या कमॅरो, फोर्डच्या मस्टँग. प्रत्येक गाडीचा रेडिओ लागलेला, आणि जवळजवळ सगळ्यांचं स्टेशन एकच: नदीपलीकडून, कॅनडातल्या विंडसरहून येणारं सीकेएलडब्ल्यू. त्यामुळे मोटाउनचं एकच गाणं गाडीगाडीतून अखंड चालत येतं. या गाडीत ते सोडलंत तर पुढच्या गाडीत पकडता येतं. त्याखाली व्ही-एट इंजिनांची घुरघुर. ती कानांना नाही, बरगड्यांना ऐकू येते. सिग्नलला थांबलात की चाळीस इंजिनं एकाच जागी उभी राहून घुरघुरतात, आणि तुमच्या छातीतली हवा त्यांच्या तालावर हलू लागते. वऱ्हाडात ढोल-ताशाच्या अगदी जवळ उभं राहिल्यावर होतं ना, तसं.

मध्येच एक भलीमोठी, दांडगी दिसणारी प्लिमथ येते आणि हॉर्न देते: ‘मीप मीप!’ कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा. तुम्ही हसता. ती रोड रनर आहे. त्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला कंपनीने वॉर्नर ब्रदर्सला 50,000 डॉलर मोजले, आणि हॉर्नचा आवाज जमवायला वेगळी खटपट केली. मोठ्या माणसांच्या कंपनीने हे केलं, हे ध्यानात ठेवा. या गाड्यांकडे आता आपण जितक्या गंभीरपणे बघतो, तितक्या गंभीरपणे त्या तेव्हा कुणी बनवल्या नव्हत्या.

ड्राइव्ह-इनमध्ये वळायला पंधरा मिनिटं लागतात. आत मोकळी जागा नाही, पण कुणाला घाईही नाही. शेवटी एक खाच मिळते. काच अर्धी वर घ्या, ट्रे तिच्यावर टांगायचा आहे. ट्रेमध्ये दोन मजली हॅमबर्गर, चरबीत तळलेले बटाटे आणि व्हर्नर्स. पहिला घोट जपून घ्या. बुडबुडे नाकात शिरतात आणि आलं मेंदूपर्यंत चढतं. तुम्हाला जोरात शिंक येते, पोरगा खूश होतो. नवख्याला सगळेच व्हर्नर्स पाजून बघतात. त्यातच व्हॅनिला आइस्क्रीम सोडलं की त्याचं ‘बॉस्टन कूलर’ होतं. बॉस्टनचा संबंध काय, ते विचारू नका. तुम्हाला मात्र ती चव आलेपाकावर बर्फ ठेवल्यासारखी लागते आणि तुम्ही दुसरा मागवता.

खाऊन झालं की पाय मोकळे करा. गाड्यांच्या रांगेतून फिरा. बॉनेटं उघडी आहेत, त्यांच्यावर डोकी वाकलेली आहेत. कंपन्यांतले इंजिनिअर स्वतःच रात्री नव्या गाड्या घेऊन इथे येतात आणि कुणाची किती पळते ते अजमावतात, अशी बोलवा आहे. म्हणून कुणी फार साधा पँट-शर्ट घालून फार कमी बोलत असेल, तर त्याच्यापासून जपून.

ही एक मस्टँग. मागच्या चाकाच्या पुढे, बाजूच्या पत्र्यात हवा आत घेणारं तोंड दिसतंय? हात घालून बघा. बंद आहे. आत भोक नाही, काही नाही. नुसतं दागिन्यासारखं बसवलेलं. आणि या डौलदार धडाच्या खाली बहुतांशी फोर्डची फाल्कन आहे, म्हणजे कुटुंबवत्सल माणसाची काटकसरी गाडी. तिलाच लांब नाक आणि आखूड शेपूट देऊन 1964 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात उभं केलं, किंमत ठेवली 2,368 डॉलर. पहिल्याच दिवशी 22,000 गिऱ्हाइकांनी मागणी नोंदवली. आता गंमत बघा. फोर्डचे जे मेज आणि त्यांची मंडळी 2005 ची नवी मस्टँग घडवायला बसली, तेव्हा जुन्या रूपाकडे परत जाताना त्यांनी बाजूच्या पत्र्यातली ती खोलगट रेघही परत आणली. म्हणजे नकलेचीच नक्कल, आणि मूळ नक्कलही देखणी होती म्हणून ही देखणी. ‘खरी जुनी’ गाडी शोधत तुम्ही इथवर आलात आणि पत्र्यावर टिचकी मारल्यावर आतून फाल्कनचा आवाज आला. मला तर हे आवडतं. निदान घराण्यात सातत्य आहे.

पलीकडे कमॅरो उभी आहे, 1969 ची. खिडकीतून डोकवा. तेलाचा दाब, तापमान वगैरे दाखवणाऱ्या चार तबकड्या गिअरच्या पुढे खाली, गुडघ्याजवळ बसवल्या आहेत. बघायच्या तर मान खाली घालावी लागते, म्हणजे रस्त्यावरची नजर काढावी लागते. शुद्ध गैरसोय. चाळीस वर्षांनी कमॅरो पुन्हा बाजारात आली तेव्हा जगातल्या सगळ्या सोयी हाताशी होत्या, आणि त्या लोकांनी चार तबकड्या पुन्हा तिथेच बसवल्या, गुडघ्याजवळ. आईच्या हातची आमटी आठवताना तिच्यातलं जरा जास्त झालेलं मीठही आठवावं लागतं, तसं काहीसं.

पोरगा हाक मारतो. पेट्रोल संपत आलंय. संपणारच, ही गाडी लिटरला चार किलोमीटर देते, लहर असेल तर. सनोकोच्या पंपावर एक तबकडी फिरवून पेट्रोलची जात निवडता येते. पोरगा सवयीने ती शेवटच्या टोकाला नेतो, 260 वर, सगळ्यांत जहाल. गॅलनला चाळीस सेंटच्या आसपास. तो पैसे मोजतो तेव्हा तुम्ही टाकीजवळ उभे राहा. पेट्रोलची वाफ हवेत दिसते, उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यासारखी हवा थरथरते. हे शिशाचं पेट्रोल आहे. अंगाला चांगलं नाही, कुणालाच चांगलं नव्हतं. पण नाकाला ते कोण सांगणार? नाक ओढून घेतंच.

आणि मग पुढच्या लाल दिव्याला एक निळी जीटीओ शेजारी येऊन थांबते. तिच्या ड्रायव्हरने तुमच्याकडे बघितलेलं नाही. तो फक्त इंजिनला दोनदा गुरगुरवतो. पोराच्या कानामागची सिगारेट आता ओठात गेली आहे, पेटवलेली नाही. हे निमंत्रण आहे. ‘बांधा,’ एवढंच तो म्हणतो. तुम्ही कमरेचा पट्टा बांधता. तापलेली बकल पोटाला चटका देते. समोरच्या दिव्याकडे कुणी बघत नाही. दोघंही आडव्या रस्त्याचा दिवा कधी पिवळा होतो ते बघतायत. दुभाजकाच्या हिरवळीवर बसलेली पोरं-पोरी उठून उभी राहतात.

पिवळा.

सांगण्यासारखं फार नाही, कारण तुम्हाला फार काही कळतच नाही. मागची चाकं किंचाळतात आणि गाडी पुढे जायच्या आधी जरा आडवी जाते. जळक्या रबराचा निळा धूर खिडकीतून आत येतो. पहिला गिअर एका कार्ब्युरेटरवर असतो. दुसऱ्यात पोरगा पाय जमिनीला टेकवतो, तशी उरलेली दोन उघडतात आणि पुढून आवाज येतो, एखाद्या राक्षसाने बुडता बुडता वर येऊन पहिला श्वास घ्यावा तसा. तुमचं डोकं मागे फेकलं जातं. ओठ आपोआप मागे ओढले जातात, दातांना वारा लागतो. बॉनेटवरचं नाक पार कललंय. तुम्ही कसलंतरी मराठीत ओरडता. काय ते इथे छापायचं नाही.

आणि मग ब्रेक. इथे मात्र ऐका, कारण याबद्दल आठवणी सांगणारे फारसं बोलत नाहीत. पोरगा ब्रेक दाबतो आणि काही होत नाही. पुन्हा दाबतो. ड्रम ब्रेक तापलेत. गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढू लागते, स्टिअरिंग हातात नुसतंच फिरतं, चाकांपर्यंत निरोप उशिरा पोचतो. पुढच्या सिग्नलला थांबलेली लाल गाडी मोठी होत होत तिच्या मागच्या काचेवरचं स्टिकर वाचता येईल इतकी जवळ येते. तिथे कुठेतरी तुम्ही थांबता. करपलेल्या ब्रेकचा वास, तळहातांना घाम. पोरगा हसतोय पण सिगारेट दातांनी मधोमध तुटली आहे.

कोण जिंकलं? जीटीओ. जाऊ द्या.

‘तुम्ही चालवता का?’ तो विचारतो. आणि कुणी असं विचारलं तर नाही म्हणू नये.

क्लचवर पाय ठेवता. तो दाबला जात नाही. क्लच आहे की जिम? सगळं वजन टाकून दाबता, पिस्तुलाची मूठ खेचता, ती कुठल्यातरी गिअरमध्ये पडते, क्लच सोडता. गाडी बेडकासारखी एक उडी मारते आणि बंद पडते. मागे हॉर्न सुरू होतात, त्यात एक ‘मीप मीप’ही. कान गरम होतात. तुम्ही घाईघाईने किल्लीकडे हात नेता, ती फिरवता...

बटण आहे.

पाठीला गार लेदर. पडद्यावर कंपनीचं चिन्ह. एसीचा वारा घोट्यांवर. भाचा शेजारी बसून बाटलीचं झाकण उघडतोय, आणि इंजिन अगदी शहाण्यासारखं गुरगुरतंय. ही आवृत्ती 2008 पासून कॅनडातल्या ब्रँप्टनला बनत होती आणि 2023 अखेर बंद झाली. ती घडवताना डिझायनरांनी स्टुडिओत खरी 1970 ची चॅलेंजर आणून उभी केली होती. पण मापं घेऊन ती गिरवली नाही. जुन्या गाडीची चाकं जरा आत गेलेली, अंग काढून घेतल्यासारखी. पुढचं नाक गरजेपेक्षा लांब. पत्रे नीट न जुळणारे. हे दोष पुसून लोकांच्या डोळ्यांपुढे जी गाडी असते ती त्यांनी बनवली. पंधरा इंची चाकांच्या जागी वीस इंची आली. ब्रेक लागतात. तुम्ही आत्ताच त्या दुसऱ्या गाडीतून आलात, म्हणून तुम्हाला त्या ब्रेकवर हात फिरवून डोळ्यांना लावावासा वाटतोय.

गाडी वुडवर्डला लागते. आजही चालण्याचाच वेग. दुभाजकाच्या हिरवळीवर घडीच्या खुर्च्यांची रांग, खुर्च्यांत पांढरे केस. उलट्या दिशेने एक नवी मस्टँग रस्त्याकडेला उभी आहे. मालक दहा पावलांवर उभा राहून किल्लीवरचं बटण दाबतो आणि आत कुणी नसताना इंजिन रेटा देतं. पोरं टाळ्या वाजवतात. भाचा सांगतो की डॉजची नवी विजेवरची चार्जर तर आणखी पुढची आहे. तिला सायलेन्सरच नाही, तरी जुन्या व्ही-एटसारखा आवाज काढायला तिच्यात मुद्दाम यंत्रणा बसवली आहे आणि तो म्हणे 126 डेसिबलपर्यंत जातो. जो आवाज कमी कसा करावा म्हणून तेव्हा शेजारी पोलिसांना फोन करत, तो आता इंजिनिअर दिवसपगारावर घडवतायत. तुम्ही मान डोलावता. तुमच्या बरगड्या अजून खऱ्याच्या तालावर हलतायत, त्यांना कळतो फरक.

सिग्नल लाल होतो. बरोबर पुढे एक चॅलेंजर येऊन थांबते. तीही जांभळ्या रंगाची, मागे आडवे लांब दिवे. पण चाकं आत गेलेली. पत्रे न जुळणारे. 1970. तिच्या दोन नळकांड्यांतून फिकट निळा धूर येतोय. तिच्या काळात धूर गिळून साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाड्यांना नव्हतं. ते 1975 च्या गाड्यांपासून आलं, आणि तेव्हापासून रस्त्याचा हा वास हळूहळू गेला. भाच्याच्या गाडीला आठी आहे, नाक आहे, रंग आहे. हा वास तिला कुणी देऊ शकलेलं नाही, कायद्याने देताही येणार नाही.

तुम्ही दारावरचं बटण चाचपता आणि काच खाली घेता. धूर आत येतो. डोळे चुरचुरतात, जिभेवर ती गोडसर चव येते.

‘अहो, काच लावा ना,’ भाचा खोकत म्हणतो, ‘एसी चालू आहे.’